सगळ्यांचंच नाव जॉर्ज

परवा रात्री झोप येईना म्हणून अमेरिकेतल्या पुलमन पोर्टर लोकांबद्दल वाचायला घेतलं आणि कधी अडीच वाजले कळलंच नाही.

पुलमन म्हणजे शिकागोची कंपनी, रेल्वेचे झोपायचे डबे बनवायची आणि चालवायची. गुलामगिरी गेल्यावर या कंपनीने पोर्टर म्हणून, म्हणजे डब्यात प्रवाशांची सेवा करायला, मुद्दाम काळीच माणसं घेतली, कारण साहेबाची उठबस कशी करायची हे त्यांना वेगळं शिकवायला नको! आणि मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी प्रत्येक पोर्टरला सरळ 'जॉर्ज' अशीच हाक मारायचे, गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायची जुनी खोड, दुसरं काय. महिन्याला ४०० तास किंवा ११ हजार मैल भरले की मग पगार पुरा, बाकी सगळी मदार टिपवर. रात्री पॅसेंजरचे बूट पॉलिश करायचे आणि ते पॉलिशसुद्धा स्वतःच्या पैशाने आणायचं. पोर्टरचं ब्लँकेट निळं असायचं, म्हणजे चुकूनही गोऱ्या पॅसेंजरच्या अंगावर जायला नको. हे वाचलं आणि मला आपल्याकडचा दाराबाहेर उपडा ठेवलेला वेगळा कप आठवला.

आता कोणी म्हणेल युनियन होत्या ना रेल्वेत. होत्या की, चांगल्या तगड्या होत्या, पण इंजिन ड्रायव्हर, फायरमन, कंडक्टर यांच्या युनियनच्या घटनेतच लिहिलेलं, मेंबर फक्त गोरा. मग १९२५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीत पोर्टर लोकांनी स्वतःची युनियन काढली आणि पुढारी केला ए. फिलिप रँडॉल्फ या काळ्या संपादकाला. तो मुळात पोर्टर नव्हताच, त्यामुळे कंपनी त्याला नोकरीवरून काढणार कशी! बाकीच्यांना मात्र काढलं, खबरे सोडले, म्हणून बरंचसं काम बायकांनी लपूनछपून केलं. वॉशिंग्टनच्या रोझिना टकर बाई घरोघरी पत्रकं वाटायच्या, त्यापायी पोर्टर असलेल्या नवऱ्याची नोकरी गेली तर या थेट साहेबाच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटून आल्या, आणि नवरा परत कामावर लागला. बारा वर्षं गेली यात, १९३७ मध्ये करार झाला, ४०० तासांचे २४० झाले, पगार वाढला.

माझे पणजोबा मुंबईत मिलमध्ये रिंगवर, म्हणजे सूतकताई खात्यात होते. आजी सांगायची, साच्यावर, म्हणजे विणकाम खात्यात, पगार जास्त पण तिथे आपल्या दलित माणसाला घेत नसत, कारण धागा तुटला की आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातून तो तोंडाने ओढायला लागायचा आणि तोच धोटा दुसरा तोंडाला कसा लावणार. हे मालकाइतकंच शेजारच्या कामगाराचंही म्हणणं, तोच जो संपात खांद्याला खांदा लावून उभा. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हेच विचारलं होतं, आपल्या माणसाला साच्यावर का नाही. आणि १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर ते बोलले तेव्हाचा एक मुद्दा मला आता जास्तच लागला. ते म्हणाले आपल्या माणसाला रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांवरचा मजूर करतात, पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो. म्हणजे तिकडे काळा आहे म्हणून पोर्टरच व्हायचं आणि इकडे अस्पृश्य आहे म्हणून पोर्टरही नाही. काय बोलायचं यावर.

रँडॉल्फचं मला आवडतं ते हे की गोऱ्यांच्या ताब्यातल्या युनियनच्या महासंघात घुसून तो तिथेच भांडत बसला, दर अधिवेशनात उभं राहायचं आणि विचारायचं, काळ्यांना बंदी असलेल्या युनियन अजून आत कशा. १९५९ मध्ये महासंघाचा अध्यक्ष जॉर्ज मीनी इतका वैतागला की भर सभेत ओरडला, तुला सगळ्या निग्रोंचा पालक नेमलाय कोणी?

हाही जॉर्जच, बघा.