आधी काखेत हात घालून बघा

जानेवारीत देवगडकडे हापूसला मोहोर असतो आणि तुडतुड्यांवर फवारण्या चालू असतात. अशा दिवसांत बागेतून कोणी बरळणारा माणूस उचलून आणला की दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो: विषबाधा.

हे गृहस्थ साठी ओलांडलेले, दमेकरी. मुलगा म्हणाला, "बाबा सकाळी फवारणीक गेलेले." तेवढ्यावर सिस्टरनी ॲट्रोपिनच्या ०.६ मिलिग्रॅमच्या ॲम्प्युल मांडल्याही. ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकावर ते औषध बरोबरच आहे. पण त्या विषात माणूस सगळीकडून वाहतो. लाळ, घाम, डोळ्यांना पाणी, छातीत खळखळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. इथे काख कोरडी ठणठणीत, जीभ टाळूला चिकटलेली, चेहरा लाल, ताप १०१, नाडी १३०, बाहुल्या पसरलेल्या, आतड्यांचा आवाज नाही, ओटीपोट लघवीने तट्ट. हातांनी हवेतले धागे वेचणं चाललेलं. आणखी ॲट्रोपिन देणं म्हणजे त्यांना मारणंच होतं.

"दम्यावर काय घेतलं?" असं खोदून विचारल्यावर कळलं: फवारणीच्या वासाने धाप लागली, म्हणून धोत्र्याची वाळलेली पानं विडीत भरून ओढली, एकीने भागेना म्हणून लागोपाठ. धोत्र्यात मुळात ॲट्रोपिनच असतं. झाडपाला लोक औषधात धरतच नाहीत, त्यामुळे "औषध काय चालू आहे?" या प्रश्नाला उत्तर "काय नाय" असंच येतं.

उपचार साधे आहेत. लघवीला नळी, सलाईन, ओल्या फडक्यांनी अंग पुसणं, सतत ईसीजी, हात-पाय झाडणं थांबेपर्यंत मिडॅझोलॅम हे शांत करणारं औषध थोडं थोडं शिरेतून. भ्रमावर एरवी देतात ते हॅलोपेरिडॉल टाळायचं. ॲलर्जीवरचं एव्हिलही नाही; आपल्याकडे लाल चेहरा दिसला की एव्हिल-डेक्सा टोचायची खोड आहे आणि एव्हिल याच विषात भर घालतं. फायसोस्टिग्मिन हा खरा उतारा, पण तालुक्याला कुठून मिळणार?

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. त्यांची छाती स्वच्छ होती, शिट्टीचा मागमूस नाही. धोत्र्याने काम केलं होतं. हा उपाय १८०२ च्या सुमारास मद्रासेहून ब्रिटनला गेला आणि पुढे तिकडे दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. आजचं पंपातलं इप्राट्रोपियम ॲट्रोपिनपासूनच बनलं. रेणूतल्या नायट्रोजनवर एक जादा गट चढवला की त्यावर कायमचा धनभार येतो, मग तो मेंदूत शिरत नाही आणि फुप्फुसातून रक्तातही फार थोडा जातो. एका फवाऱ्यात २० मायक्रोग्रॅम, दर वेळी तेवढेच. पानात किती, ते झाड, ऋतू आणि वाळवण यांवर ठरतं, शिवाय त्यातलं ॲट्रोपिनचं भावंड स्कोपोलामिन वेगळंच. परसातल्या अडुळशाचंही तसंच: त्यातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध आलं, त्यातून अँब्रॉक्सॉल. ते सिरप लोक बिनतक्रार पितात. पंप म्हटलं की, "सवय लागता."

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून पंप शिकवला: हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबा, सावकाश ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा, स्टिरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरा. इप्राट्रोपियम मात्र लिहिलं नाही. त्यांची प्रोस्टेटची जुनी तक्रार होती, आणि लघवी तुंबवण्याचा गुण त्या औषधातही थोडा उरलेला असतो.