फणस तयार होता, काटा नव्हता

निकाल आधीच सांगतो. ४२.३८ किलो. जगातला सर्वांत जड फणस म्हणून गिनीज वर्ल्ड रेकॉर्ड्सच्या नोंदीत आहे तो ४२.७२ किलोचा. २३ जून २०१६ रोजी पुण्यात मोजलेला, लांबी ५७.१५ सेंटिमीटर, घेर १३२.०८ सेंटिमीटर. म्हणजे आमचा ३४० ग्रॅमने हुकला. हे ३४० ग्रॅम झाडावर कमी नव्हते. तालुक्याच्या गावी या टेबलावरून त्या टेबलावर फिरताना ते वाळले, असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

याहून जड फणस निघालेच नाहीत असं नाही. २०२० साली केरळच्या कोल्लम जिल्ह्यात ५१.४ किलोच्या फणसाची बातमी झाली होती. पण जड फणस निघणं वेगळं आणि तो जड होता हे कागदावर सिद्ध करणं वेगळं. पहिलं काम झाड करतं. दुसरं आपल्याला करावं लागतं, आणि त्याबद्दल कोणी काही सांगत नाही.

झाडावरचं काम थोडक्यात. फळ खोडावरचं निवडा, शक्यतो बुंध्याजवळचं. बारीक फांदीवर एवढं वजन पेलत नाही. त्या घोसात एकच कुयरी, म्हणजे कोवळा फणस, ठेवायची, बाकीच्या भाजीला. काळी बुरशी धरलेल्या कुयऱ्या लगेच काढून लांब टाकायच्या, झाडाखाली नाही. फळ वीस किलोच्या पुढे गेलं की काथ्याच्या दोरीची जाळी करून वरच्या जाड फांदीला टांगायची, म्हणजे देठावर भार येत नाही. जमिनीजवळ असेल तर साळिंदरासाठी भोवती काटेरी कुंपण. एवढं केलं की पाच-सहा महिने थांबायचं.

अर्जातही अडचण नाही. गिनीजच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, विक्रम शोधायचा, अर्ज भरायचा. साध्या अर्जाला पैसे नाहीत, पण उत्तराला बारा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. घाई असेल तर काही शे डॉलर भरून लवकर उत्तर मिळतं. फणसासाठी एवढे डॉलर कोण घालवणार? म्हणून फळ कुयरी असतानाच, फेब्रुवारीत, अर्ज टाकून मोकळं व्हायचं. मे महिन्यात फळ तयार होतं तोवर सूचना हातात असतात. विक्रम झाला तरी रोख बक्षीस काही नाही, प्रमाणपत्र मिळतं. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आता काटा.

फळ रविवारी सकाळी उतरवलं. सालीवरचे काटे पसरट झाले होते, थापटल्यावर बद्द आवाज येत होता, देठाजवळचं पान पिवळं पडलं होतं. ताणकाट्याला गोणपाटासकट टांगलं, गोणपाट वजा केलं: ४३.४. ताणकाट्याची एक रेघ २०० ग्रॅमची असते आणि स्प्रिंग जुनी झाली की ती काहीही दाखवते, त्यामुळे हा आकडा पुरावा नव्हे. पण दिशा कळली. आता सरकारी पडताळणीचा शिक्का असलेल्या काट्यावर तोलायचं, एवढंच राहिलं होतं. एवढंच!

माझी चूक इथे झाली. 'शिक्का' ऐकल्यावर मी वजनकाटे तपासणाऱ्या कार्यालयाकडे गेलो. कोणत्या तालुक्याचं ते सांगत नाही, कुठेही गेलात तरी बहुधा हेच झालं असतं.

सोमवारी साडेदहाला खिडकीवर म्हटलं, "फणसाच्या वजनाचा दाखला हवा होता."

खिडकीतल्या माणसाने आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "फणसाक कसलो दाखलो?"

सगळं सांगितलं. गिनीज, पुणे, ४२.७२. त्याने शेजारच्या टेबलाला हाक मारली, "ओ, हेंका फणसाचा सर्टिफिकेट होया." शेजारचं टेबल म्हणालं, फळ म्हणजे कृषी. कृषीवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "झाड कोणतं, कापा की बरका, ते लिहून देऊ. वजन आमच्याकडे येत नाही." परत पहिल्या कार्यालयात. आता अर्ज लिहून आणा म्हणाले. लिहिला. आवकचा शिक्का बसला. निरीक्षक साहेब काटे तपासायच्या शिबिराला दुसऱ्या गावी गेलेले, बुधवारी येतील. बुधवारी आले नाहीत, शिबिर एक दिवस वाढलं.

घरी फणस पडवीत. बुधवारी संध्याकाळी तोच ताणकाटा ४३ च्या खाली आला. फळ झाडावरून उतरलं तरी जिवंत असतं. कापलेल्या देठातून पहिल्या दिवशी चीक गळतो, सालीतून पाणी उडत राहतं, आणि पिकायला लागलं की श्वसन वाढतं, मग घट आणखी जोरात. बरेच जण चीक थांबावा म्हणून देठाला चुना किंवा माती फासतात. विक्रमासाठी ते करू नका, फळाला परकं काही चिकटलं की वजनावर बोट ठेवायला जागा होते. सावली आणि गारवा, एवढंच आपल्या हातात आहे. ओला बारदान टाकायचा मोह होतो, तोही नको, त्याच कारणासाठी.

गुरुवारी साहेब भेटले. दोन मिनिटं लागली, घड्याळ लावून. "आम्ही काटा तपासतो, माल नाही. पडताळणी झालेल्या कुठल्याही काट्यावर तोला, प्रमाणपत्राची प्रत जोडा. ते दुकानात दिसेल असं लावलेलंच असतं, कायद्यानेच लावावं लागतं."

म्हणजे मला त्या कार्यालयात जायचंच नव्हतं. सोमवारी खिडकीवर हे एक वाक्य कोणी बोललं असतं तर फणस त्याच दुपारी काट्यावर चढला असता. त्या खिडकीचं तरी काय म्हणावं, प्रश्नच मी चुकीचा विचारला होता. पण तीन दिवस चुकीच्या प्रश्नाला रोज नवं टेबल दाखवायचं, हे मला अजून पचत नाही.

तुम्हाला ही फेरी पडू नये म्हणून काट्याचं जरा सविस्तर लिहितो.

दगड-चिऱ्याच्या ट्रकचा वजनकाटा शिक्क्याचा असतो, पण तो पाच किंवा दहा किलोच्या टप्प्याने मोजतो. तिथे फणस चाळीसही भरेल आणि पन्नासही. बंदरावरचे काटे खाऱ्या हवेने गंजलेले, शिवाय ओले. किराण्याचा काटा तीस किलोला संपतो. आपल्याला हवा तो १०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा, आणि तो कोकणात हमखास सापडतो काजूच्या कारखान्यात नाहीतर गोदामात.

काट्याच्या पट्टीवर तीन गोष्टी वाचायच्या: कमाल वजन, किमान वजन आणि 'ई' हे अक्षर. ई म्हणजे पडताळणीचा टप्पा. व्यापारातल्या नेहमीच्या, अचूकतेच्या तिसऱ्या वर्गाच्या काट्याला पडताळणीत, २००० टप्प्यांच्या पुढे, दीड टप्प्याची चूक चालते. ई २० ग्रॅम असेल तर ४२ किलोला ३० ग्रॅम इकडे-तिकडे. ई १० ग्रॅम असेल तर १५. म्हणून दहाचा काटा शोधा, आणि विक्रमापेक्षा दहा-वीस ग्रॅम जास्त भरलं तर नाचू नका.

मग शिक्का. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वर्षाला, लोखंडी वजनांची दोन वर्षांनी. शिक्क्यावर वर्ष आणि तिमाहीचं अक्षर असतं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, पुढे बी, सी, डी. मुदत संपलेला शिक्का म्हणजे शिक्का नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अनुक्रमांक. प्रमाणपत्रावरचा आकडा काट्याच्या पट्टीवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. गुरुवारी दुपारी पहिल्या गोदामात फणस टेम्पोतून उतरवला, साक्षीदार आले, कॅमेरा लागला, आणि आकडे जुळेनात. पावसाळ्यात वीज पडून डिस्प्ले जळाला होता, मालकाने नवा बसवला, दुरुस्तीनंतर नव्याने शिक्का मारून घ्यायचा राहिला. त्याचे काजू त्या काट्यावर रोज तोलले जात होते ते सोडा. फणस परत टेम्पोत.

साक्षीदारांबद्दल आठवलं म्हणून इथेच सांगतो. दोन हवेत, आणि स्वतंत्र हवेत. आमच्या वाडीत ज्याला हाक मारावी तो भाऊबंद, निम्म्यांचं आडनाव एकच. बाहेरचे बघा आणि आधीपासून बोलून ठेवा: हायस्कुलातले विज्ञानाचे शिक्षक, कृषी सहायक. निवेदन त्यांनी स्वतः लिहायचं, इंग्रजीत, आणि स्वतः काय पाहिलं तेवढंच. दोघांचा मजकूर शब्दशः सारखा आला तर तो कोणी लिहून दिला ते वाचणाऱ्याला कळतं.

भोपळेवाल्यांचा मला हेवा वाटतो. २०२३ साली कॅलिफोर्नियात हाफ मून बे इथे १,२४७ किलोचा भोपळा तोलला गेला. तिथे तोलण्याची स्पर्धाच असते. तारीख वर्षभर आधी ठरलेली, काटा तयार, पंच तयार, सालीला आरपार चीर किंवा भोक असेल तर फळ बाद, हा नियमही सगळ्यांना पाठ. शेतकऱ्याने भोपळा फक्त न्यायचा. आपल्याकडे आंबा महोत्सव होतात, फणसाला तारीख देणारा कोणी नाही.

शुक्रवारी दुसरं गोदाम. ई १० ग्रॅम, अनुक्रमांक जुळला, शिक्का चालू वर्षाचा. तोलताना केलं ते असं: काटा अर्धा तास आधी चालू केला, थंड काट्याचा आकडा सरकतो. चारही पायांचे स्क्रू फिरवून पाणपातळीचा बुडबुडा मध्ये आणला. पंखे बंद, समुद्राकडची खिडकी बंद. वाऱ्याने शेवटचा आकडा नाचतो. शून्य दाखवलं. मग शिक्क्याची २० किलोची दोन वजनं ठेवून ४०.०० दाखवलं, काढली, परत शून्य. मग फणस थेट काट्यावर, खाली गोणपाट नाही. आकडा स्थिर झाल्यावर कॅमेरा आकड्यावरून काट्याच्या पट्टीवर, तिथून प्रमाणपत्रावर, तिथून परत फणसावर. शेवटी पुन्हा ४० किलोची वजनं. हे सगळं एकाच सलग व्हिडिओत, मध्ये बंद न करता. हात खोबरेलाने माखलेला माणूस कॅमेऱ्याला लावू नका. ही चूक एकदाच होते, पण काच नंतर साबणाने धुवावी लागते.

४२.३८. तीनदा ठेवून तीनदा तेच.

पुढच्या वेळी क्रम उलटा. आधी गोदाम, अनुक्रमांक, शिक्क्याची तारीख, साक्षीदारांचा दिवस. सगळं ठरल्यावर त्याच सकाळी फळ उतरवायचं आणि दुपारच्या आत तोलायचं. चार दिवस आधी तयार झालं तरी झाडावर राहू दे. फुटायच्या आत मात्र उतरवायला हवं, भेग पडली की वजन आणि फोटो दोन्ही गेले.

काहींनी विचारलं, काटाच झाडाखाली का नेला नाही? बॅटरीवर चालतो, नेता येतो. पण काटा हलवला की पातळी पुन्हा लावायची आणि शिक्क्याची वजनं सोबत न्यायचीच. हे काटे खरं तर गुरुत्वाकर्षणाचा ओढा मोजतात आणि तो सगळीकडे सारखा नसतो. दिल्लीत बसवलेला काटा तसाच रत्नागिरीला आणला तर चाळीस किलोमागे पंचवीस-तीस ग्रॅम कमी दाखवेल, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ. तालुक्यातल्या तालुक्यात एवढा फरक पडत नाही, पण ऑनलाइन मागवलेला नवा काटा जागेवर वजनं ठेवून न जुळवता वापरू नका.

फणसाचा घेर मोजताना टेप सालीच्या काट्यांवरून गुंडाळायचा, काट्यांमध्ये दाबायचा नाही. आणि अनुक्रमांकाचा फोटो दिवसाउजेडी काढा, गोदामातल्या ट्यूबलाइटमध्ये पट्टी चमकते आणि तीन आणि आठ सारखेच दिसतात.

गोदामवाल्याने काट्याचे पैसे घेतले नाहीत. फणस तिथेच कापला, कापा निघाला, अर्धा त्याने ठेवून घेतला. त्याच काट्यावर तोलून.