नेब्रास्कातला लोहार आणि त्याचे दोन साक्षीदार

सासूबाईंच्या माहेरी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यांचे पणजोबा बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या माळावर आले, लोहारकाम सुरू केलं आणि सगळं एकट्याच्या मनगटावर उभं केलं. सासूबाईंचं वय आता अठ्ठ्याहत्तर. ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, असं त्यांनी ठरवलं आणि ऐन जुलैत आम्ही तिघं लिंकनहून गाडीने निघालो. जुलै निवडू नका. रस्त्यात झाड दिसत नाही आणि गाडीतून उतरलं की तव्यासारखी जमीन.

पहिला मुक्काम बीॲट्रिस. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळायची. शुल्क सगळं मिळून १८ डॉलर, पण त्या जमिनीवर पाच वर्षं राहायचं आणि ती कसायची. १ जानेवारी १८६३ ला, कायदा लागू झाला त्याच दिवशी, डॅनियल फ्रीमन या माणसाने जिथे हक्क नोंदवला, तिथे आता राष्ट्रीय उद्यान आहे. इमारतीचं छप्परच नांगराच्या आकाराचं केलंय. नेब्रास्काची ४५ टक्के जमीन या कायद्याने वाटली गेली, इतकी दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाही. राज्यातल्या या सगळ्या जुन्या फायली संगणकावर आल्या आहेत. पणजोबांचीही मिळाली.

ती फाईल वाचताना आम्ही तिघंही दुपारचं जेवण विसरलो. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर जमीन नावावर करायची तर दोन शेजाऱ्यांनी शपथेवर साक्ष द्यायची, असा नियम होता. एक शेजारी चेक, दुसरा जर्मन. दोघांनी सांगितलेलं लेखनिकाने तिरक्या अक्षरात उतरवून घेतलंय: घर १४ बाय १६ फुटांचं, एक दार, दोन खिडक्या, एक विहीर, ४० एकर वहितीखाली, आणि एक लोहारशाळा. या माणसाला आम्ही पाच वर्षं ओळखतो, तो इथेच बायकामुलांसह राहतो, असं दोघांनी स्वतंत्रपणे म्हटलंय. सासूबाई त्या दोन सह्यांवर बोट ठेवून बराच वेळ बसल्या. “यांची नावं आमच्या घरात कधी कुणी घेतलीच नाहीत,” एवढंच म्हणाल्या.

मलाही तेच लागलं. शेजाऱ्यांनी तोंड उघडलं नसतं तर ती जमीन पणजोबांची झालीच नसती.

आणि शेजारी तरी कुणाच्या जमिनीवर होते? हा सगळा मुलूख ओटो-मिसूरिया या मूळ अमेरिकी जमातीचा. १८५४ च्या तहात तो त्यांच्याकडून गेला, बिग ब्लू नदीकाठी एक राखीव पट्टा उरला, आणि १८८१ मध्ये तोही सोडून त्यांना आजच्या ओक्लाहोमातल्या रेड रॉककडे जावं लागलं. तेव्हा पणजोबांची भट्टी त्याच नदीच्या वरच्या अंगाला पेटलेली होती. हे त्यांना दिसलं नसेल, असं मला वाटत नाही. घरच्या गोष्टीत मात्र त्याचा एक शब्द नाही, आणि याचा मला राग येतो.

दुसऱ्या दिवशी विल्बर. चेक लोकांचं गाव. पणजोबांच्या शेतात आता मका आहे, भट्टीची खूणही नाही. बेकरीत खसखशीच्या सारणाचे ‘कोलाचे’ नावाचे गोड चेक पाव मिळाले, ते मी परत परत मागून घेतले.

तिथून ग्रँड आयलंडच्या स्टूर म्युझियमला गेलो. जुनी घरं आणून तिथे एक अख्खं गाव वसवलंय, आणि त्यात चालू लोहारशाळा आहे. त्या दिवशी गाडीच्या लाकडी चाकावर धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवायची होती. माळावरच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि धाव सैल होऊन निखळते, म्हणून हे काम लोहाराच्या पाचवीला पुजलेलं. लोहाराने आधी दांडीला लावलेली एक छोटी चकती चाकाच्या कडेने फिरवून माप घेतलं, मग तीच लोखंडी कड्याच्या आतून फिरवली. कडं चाकापेक्षा जरा लहान हवं. ते जाळात तापून फुगलं, तशी तिघांनी तीन बाजूंनी सांडशीत धरून ते उचललं आणि चाकावर बसवलं. लाकूड भडकलं. लगेच बादल्याच्या बादल्या पाणी. कडं आवळत गेलं तसा एकेक आरा कुरकुरत तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यात, घट्ट बसला. तो आवाज ऐकून अंगावर काटा आला.

“हे एकट्याने होत नाही का?” सासूबाईंनी विचारलं.

लोहार म्हणाला, “एकाने उचललं तर दुसरीकडून वाकडं बसतं. गिऱ्हाईकच हात लावायचं.”

मग त्याने त्यांना भात्याची दांडी ओढू दिली. माझ्या आजोळी, साताऱ्याकडे, लोहाराकडे फाळ पाजवायला आलेला शेतकरी असाच भाता ओढत बसायचा आणि सुगीला बलुतं म्हणून धान्य घालायचा. माळावरही रोकड कमीच असायची. कामाचा मोबदला मका, मांस, नाहीतर लोहाराच्या शेतात एक दिवसाची नांगरट. १८७४ मध्ये टोळधाड आली, तेव्हा पिकं तर गेलीच, अवजारांचे लाकडी दांडेही टोळांनी कुरतडले. अशा वर्षी लोहाराला उधारीवर काम करावं लागलं असणार, आणि त्यालाही कुणीतरी खायला घातलं असणार.

परतीच्या वाटेवर सासूबाईंनी वंशावळीच्या वहीत पणजोबांच्या नावाशेजारी ती दोन नावं लिहिली. त्या जर्मन शेजाऱ्याच्या घराण्यातलं कुणी अजून त्याच परगण्यात शेती करतं का, याची चौकशी त्यांनी सुरू केली आहे. पुढच्या खेपेला रेड रॉकलाही जायचं, असं मी त्यांना म्हटलंय. त्या लगेच हो म्हणाल्या, फक्त ऑक्टोबरात जाऊ म्हणाल्या.