उजव्या हाताला पायांचं काम: ब्लॅकबुश ते ली-ऑन-सोलेंट

विमानाच्या पंखावर बसले आहे हे मला तळहातांवरून कळतं. बेंबीखाली मला काहीच जाणवत नाही. त्या दिवशी सकाळी पत्रा गार होता, दवाने ओला होता, आणि प्रशिक्षकाने आधी फडक्याने तो पुसून दिला. कारण ओल्या पंखावर हात सटकतो आणि हात सटकला तर मी सरळ खाली डांबरावर. पायपर वॉरियर या छोट्या विमानाला दार एकच, तेही उजव्या बाजूला, पंखाच्या वर. चालणारा माणूस पायरीवर पाय ठेवून दोन ढांगांत आत जातो. मी व्हीलचेअरमधून पंखाच्या मागच्या कडेवर येते, दाराकडे पाठ करते आणि दोन्ही हातांवर भार देऊन इंच-इंच मागे सरकते. मग पाय उचलून आत घ्यायचे, उजव्या सीटवर यायचं आणि तिथून डाव्या. पहिल्यांदा या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली होती. आता नऊ लागतात. पुन्हा उडायचं मनात असेल, तर आधी हाच सराव करा, इंजिन बंद ठेवून, दोन-तीन वेळा, उलट्या दिशेनेही. आग लागली तर बाहेर पडायचं असतं ते याच एका दारातून.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मोटरसायकल घसरून छातीच्या दहाव्या मणक्याशी मज्जारज्जूला इजा झाली. त्याआधी तीन वर्षं माझ्याकडे खासगी वैमानिकाचं लायसन्स होतं. रिहॅब इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात झालं. तिथेच डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये मणक्याच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला, आणि १९४८ मध्ये भरवलेल्या व्हीलचेअरवरच्या स्पर्धांतून पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. मार्च २०२० नंतर भेटायला येणं बंद झालं आणि पुण्याहून आई रोज व्हिडिओ कॉलवर. पुन्हा विमान चालवायचं आहे, असं मी तिला त्या कॉलवरच सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. आमचं घर खडकीत. तिथल्या पॅराप्लेजिक केंद्रात तिने एम. पी. अनिल कुमार यांना पाहिलं होतं. हवाई दलात मिग-२१ चालवणारा हा तरुण १९८८ च्या मोटरसायकल अपघातानंतर मानेखाली निकामी झाला. पेन तोंडात धरून लिहायला शिकला आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत लिहीत राहिला. त्यांना परत उडता आलं नाही. आई शेवटी एवढंच म्हणाली, “तुझे हात आहेत ना गं. मग विचारून तर बघ.”

विचारायला फार लांब जावं लागलं नाही. मी रेडिंगला राहते. शहराला लागूनच वुडली आहे. १४ डिसेंबर १९३१ ला ब्रिटिश हवाई दलातला वैमानिक डग्लस बेडर याचं विमान तिथल्या विमानतळावर कोसळलं आणि त्याचे दोन्ही पाय गेले. १९३९ मध्ये तो हवाई दलात परतला आणि पुढच्या वर्षी ब्रिटनच्या हवाई लढाईत लढला. त्याच्या स्मरणार्थ १९८३ मध्ये अपंगांसाठी उड्डाणाच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. पैशांची अडचण असेल तर आधी तिकडे चौकशी करा. गाडीने थोडं पुढे गेलं की हॅम्पशरमधलं ब्लॅकबुश विमानतळ लागतं. तिथे एरोबिलिटी ही संस्था आहे. १९९३ पासून ती अपंगांना उडायला शिकवते, आणि हातांनी चालवायची सोय केलेले वॉरियर तिच्याकडे आहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. माझं एका इंजिनाच्या विमानांसाठीचं रेटिंग (परवानगी) दोन वर्षांनी संपलं होतं, त्यामुळे परीक्षकाबरोबर तपासणीचं उड्डाण करावं लागलं. वैद्यकीय तपासणीतही डॉक्टरच्या टेबलावर सगळं ठरत नाही. तुम्ही प्रत्यक्ष विमान हाताळू शकता का, हे हवेत पाहिलं जातं. माझ्या प्रमाणपत्रावर आता ‘एएचएल’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे मान्यताप्राप्त हँड कंट्रोल असलेल्या विमानापुरतंच ते चालतं. कृत्रिम पाय वापरणाऱ्यांना ‘एपीएल’ मिळतं. आणि पायांतल्या झटक्यांसाठी किंवा मज्जातंतूंच्या वेदनांसाठी जी औषधं चालू असतील, ती एकही न लपवता सांगा. बॅक्लोफेन आणि प्रीगॅबालिनने गुंगी येते. मी या तपासणीला जाण्याच्या आठ महिने आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस उतरवत आणला.

आता हातांचं, कारण खरी मेहनत इथे लागते. रडर म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची पट्टी; ती एरवी पायांच्या पेडलने हलते. त्या पेडलला एक उभा दांडा जोडतात. तो ढकलला की एका बाजूचं रडर, ओढला की दुसऱ्या बाजूचं. जमिनीवर नाकाचं चाकही त्यानेच वळतं. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, योकची (विमानाच्या स्टिअरिंगची) गरज नसते, म्हणून डावा हात दांड्यावर आणि उजवा इंजिनची ताकद कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलवर, नाहीतर पॅनेलखालच्या हँडब्रेकवर. धावपट्टीवर उभी राहिले की उजव्या हाताने पूर्ण थ्रॉटल द्यायचा, तो मागे सरकू नये म्हणून शेजारची घर्षणाची फिरकी आवळायची, आणि मग एकाच क्षणी डावा हात योकवर, उजवा दांड्यावर. नेमकं त्याच वेळी इंजिन नाक डावीकडे ओढत असतं. ही अदलाबदल मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, लाटणं दांडा म्हणून धरून, शेकडो वेळा केली.

गाडीही हातांनी चालवत असाल, तर एक धोका आधीच ओळखून ठेवा. माझ्या गाडीत दांडा पुढे ढकलला की ब्रेक लागतो. पहिल्या दिवशी टॅक्सी करताना समोर दुसरं विमान आलं, मी थांबण्यासाठी दांडा ढकलला आणि आमचं नाक झपकन गवताकडे वळलं. प्रशिक्षकाने ब्रेक ओढला. पुढचा सबंध तास आम्ही हवेत गेलोच नाही. जमिनीवर फक्त “ब्रेक!” म्हटलं की उजवा हात पॅनेलखाली, एवढंच केलं.

चौदा तासांच्या शिकवणीनंतर जूनमध्ये पहिला प्रवास ठरवला. ब्लॅकबुश ते दक्षिण किनाऱ्यावरचं ली-ऑन-सोलेंट, शेजारी प्रशिक्षक, मागे नवरा आणि माझी खुर्ची. चाकं काढून आणि पाठ दुमडून खुर्ची मागच्या सीटवर पट्ट्याने घट्ट बांधली. तिचे ११ किलो वजनाच्या हिशोबात धरले. ली निवडण्याचं कारण साधं होतं, तिथे धावपट्टी डांबरी आहे. गवताचे विमानतळ दिसायला सुंदर असतात, पण पावसानंतर तिथे खुर्चीची पुढची चाकं रुततात. निघण्याआधी फोन करा आणि नेमकं विचारा: विमान उभं राहतं तिथपासून इमारतीपर्यंत जमीन कसली, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती, वाटेत पायरी आहे का? एका ठिकाणी मला “सगळी सोय आहे” असं सांगितलं होतं, आणि त्या सोयीच्या दारापुढे दोन पायऱ्या होत्या. तेव्हापासून मी फोटो मागवते. पाणी पिणं कमी करून वेळ मारून नेऊ नका. मी निघण्याच्या अगदी आधी कॅथेटरच्या नळीने लघवी काढते आणि त्यावरून प्रवासाची वेळ ठरवते.

पश्चिमेकडे उड्डाण केलं, डावीकडे ओडिहम. तिथे हवाई दलाची चिनूक हेलिकॉप्टरं असतात. दोन फिरत होती. फार्नबरोच्या रडारशी बोलत बेसिंगस्टोकवरून दक्षिणेला वळलो. सरळ उड्डाणात वॉरियरला रडर जवळजवळ लागतच नाही, म्हणून दांडा सोडून उजवा हात मांडीवर ठेवला. खाली पिवळी-हिरवी शेतं होती, आणि मी रडत होते. प्रशिक्षक खिडकीबाहेर बघत राहिला.

अर्ध्या तासाने इंधनाची टाकी बदलायची होती. तिचा खटका वैमानिकाच्या डाव्या पोटरीपाशी, भिंतीवर असतो. पोटाच्या खालच्या स्नायूंवर ताबा नसलेल्या माणसाने तिथे वाकायचं म्हणजे पुढे कोसळायचंच. आधी विमान ट्रिम करून, म्हणजे हात सोडला तरी सरळ उडेल असं लावून, योक सोडला, उजव्या हाताने सीटची कड धरली आणि मग डाव्या हाताने खाली जाऊन खटका फिरवला. हेही आधी जमिनीवर करून बघा.

तेवढ्यात उजव्या पायात झटका आला. गुडघा ताठ झाला आणि टाच पेडलकडे निघाली. दोन्ही टाचा सीटच्या पायाशी रुंद पट्ट्याने बांधलेल्या होत्या, म्हणून पेडल हललं नाही. हा पट्टा विसरू नका. उशीचंही सांगते: हवेची उशी विमानात नको. दोन हजार फुटांवर बाहेरचा दाब साधारण ७ टक्क्यांनी उतरतो, उशी फुगते, कडक होते आणि तोल जातो. मी जेलची वापरते, आणि उतरल्यावर नवरा कातडी लाल झाली का ते आरशाशिवाय, स्वतःच्या डोळ्यांनी बघतो.

समोर सोलेंट सामुद्रधुनीचं पाणी आणि पलीकडे आइल ऑफ वाइट बेट दिसलं. ली-ला वारा जवळजवळ सरळ होता, तिथे काही विशेष घडलं नाही. चहा घेतला, आईला फोन केला.

परीक्षा परतताना होती. ब्लॅकबुशला डावीकडून सहा-सात नॉटचा (ताशी सागरी मैलांचा) आडवा वारा. वॉरियरने १७ नॉटपर्यंतचा आडवा वारा चाचणीत पेलला आहे, पण मी स्वतःला ८ ची मर्यादा घातली आहे. डावा पंख किंचित खाली धरायचा आणि उजव्या रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत ठेवायचं. पण रडर धरायचं तर थ्रॉटल सोडावा लागतो. म्हणून परत वर जायचं की उतरायचं, हे मी थ्रॉटलवर हात असतानाच ठरवते. धावपट्टीचा उंबरठा ओलांडला, मनात “उतरते” म्हटलं, थ्रॉटल बंद केला, हात दांड्यावर नेला. डावं चाक टेकलं, मग उजवं, मग नाक. वेग उतरला तसा डाव्या हाताने दांडा घेतला आणि उजवा हात पॅनेलखाली गेला. ब्रेक.

नवऱ्याने पंखाखाली खुर्ची जुळवली. चाकाचा आस बसताना खट्ट आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय मी पंखावरून हलत नाही. पहिला खट्ट आला, दुसरा आला. तळहातांखाली पत्रा आता उन्हाने तापला होता.