लिडोचं चौथं होल: शाडूतला दुसरा प्रयत्न

मंडळी, लिडो या जुन्या गोल्फ मैदानाच्या चौथ्या होलच्या (मैदानातला एक टप्पा) शाडूतल्या प्रतिकृतीला अखेर आकार आला. प्रमाण 1:500. मूळ होल साधारण 466 यार्डांचं, म्हणजे पाटावर 85 सेंटिमीटर. उंची मात्र दुप्पट धरली आहे, नाहीतर फेअरवेचे, म्हणजे खेळायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याचे, चढउतार बोटालाही लागत नाहीत.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं मागचं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड आणि सेथ रेनर यांनी 1914 पासून हे खासगी क्लबचं मैदान उभं केलं. जागा म्हणजे नुसती दलदल. शेजारच्या खाडीतून सुमारे 20 लाख घनयार्ड वाळू उपसून भराव घातला आणि त्यावर सगळी होल्स घडवली. एकही उंचवटा आयता मिळाला नाही! अठरावं होल तर 1914 मध्ये 'कंट्री लाइफ' मासिकाच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या आराखड्यावरून घेतलेलं. तो आराखडा मैदानं आखणारे डॉ. ॲलिस्टर मॅकेंझी यांचा. पुढे 1942 मध्ये नौदलाने जागा ताब्यात घेतली आणि मैदान गेलं.

ते परत आणलं एका हौशी माणसाने. शिकागोच्या पीटर फ्लोरी यांनी जुनी छायाचित्रं ताडून पाहत सगळं मैदान एका गोल्फच्या व्हिडिओ गेममध्ये उभं केलं. त्याच कामाच्या आधारे मैदानं आखणारे टॉम डोक यांच्या चमूने विस्कॉन्सिनमध्ये सँड व्हॅली या गोल्फ रिसॉर्टला जीपीएसवर चालणारे बुलडोझर लावून ते जमिनीवर उतरवलं; 2023 मध्ये तिथे खेळ सुरू झाला. जागा बदलली, मग याला जीर्णोद्धार कसं म्हणायचं, असं काही जण विचारतात. मी तरी याला जीर्णोद्धारच म्हणतो. मुळातलं मैदानही माणसांनीच वाळूतून घडवलेलं होतं. समुद्र तेवढा विस्कॉन्सिनला नेता येत नाही, आणि मला त्याची खरंच हळहळ वाटते.

आता पाटावरचं. चौथ्या होलचा जीव आहे पाण्यातल्या बेटात. टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेवरून, पाण्यापलीकडे त्या अरुंद फेअरवेवर चेंडू टाकायची छाती असेल, तर दुसऱ्या फटक्यात ग्रीन, म्हणजे खळगा असलेली हिरवळ, गाठता येतं. नसेल, तर लांबचा सुरक्षित रस्ता आहे. मागच्या महिन्यात नेमकं हे बेटच वाळताना मधोमध तडकलं. चीर बुजवली, दोन दिवसांनी शेजारी दुसरी पडली. शेवटी बेट खरवडून काढलं. या वेळी मूर्तिकार करतात तसा शाडूत कापूस पिंजून मळला, थर पाव इंचाहून जाड दिला नाही आणि वर ओलं फडकं टाकून चार दिवस सावलीत ठेवलं. आज सकाळी फडकं काढलं, एकही चीर नाही. कडेवरून नख फिरवलं तर टणक आवाज येतो.

पाण्यासाठी रेझिन ओतायचं आहे, पण आधी शाडूला दोन हात सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) द्यावा लागेल, नाहीतर बुडबुडे येतात. ते रविवारी. त्यानंतर अठरावं होल घेतो. त्याचे थर माउंट बोर्डावर (जाड पुठ्ठ्यावर) कापून तयार आहेत.