रेषेवर आहात, मॅडम!

सोसायटीच्या मागे मुठेला लागून आमची तीसेक मीटर रुंदीची पट्टी आहे. वरच्या अंगाला मुरूम आणि उघडा काळा कातळ, एप्रिलात पाय ठेववत नाही. दहा पावलं उतरलं की करंजांची गार सावली, गाळ, लव्हाळा. सगळं सपाट करून लॉन टाकायचं असा कमिटीचा बेत होता. लँडस्केपवाल्या मुलीने तो पहिल्याच दिवशी मोडला. "काकू, कातळावर बसायचं, सावलीत चालायचं. दोन्ही आयतं मिळालंय, जेसीबी कशाला?" मला पटलं. कमिटीला पटायला दोन मीटिंगा आणि बटाटेवडे लागले.

अडलं ते निळ्या रेषेपाशी. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ही रेषा. लाल असते ती १०० वर्षांच्या पुराची. निळीच्या आत बांधकाम चालत नाही, त्यामुळे कट्टा कुठे घ्यायचा तेच ठरेना.

कचेरीत पहिल्यांदा गेले तेव्हा साहेब साइटवर. दुसऱ्यांदा साहेब होते, नकाशा नव्हता. तिसऱ्यांदा नकाशा कपाटात आणि कपाटाची चावी रजेवर! चौथ्या खेपेला तो एकदाचा टेबलावर पसरला. क्लार्कने आमच्या सर्व्हे नंबरावर बोट टेकवलं. "मॅडम, तुम्ही आत नाही, बाहेरही नाही. रेषेवर आहात." १:४००० चा नकाशा, त्यावर चांगली २ मिलिमीटर जाड रेघ. घरी येऊन गुणाकार केला, तर जमिनीवर ८ मीटर. आमचा अख्खा कट्टा त्या शाईखाली!

पाचव्या खेपेला जिन्यात एक वयस्कर सर्व्हेअर भेटले. म्हणाले, "रेषा कसली मागता? पूरपातळी मागा. मीटरमधला आकडा." आकडा दहा मिनिटांत मिळाला. हे आधी कोणी का नाही सांगितलं, याचा राग अजून गेलेला नाही.

त्या आकड्यावरून आमच्या माणसाने लेव्हल लावून करंजाच्या खोडावर चुन्याची खूण केली. माझ्या खांद्याला आली. जुलै २०२४ च्या पुरातली एक प्लॅस्टिकची पिशवी तिच्या वीतभर खाली फांदीला लोंबत होती.

कट्टा वर, कातळावर गेला. खाली फक्त वाळा आणि वाळुंजाच्या फांद्या खोचल्या. त्या मुळं धरतात, रोपं विकत घ्यायची गरज नाही. हे पहिल्या पावसानंतर करा, आम्ही मे महिन्यात घाई केली आणि निम्म्या वाळल्या.

आणि हो, अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझा पहिला अर्ज त्यांना अजून सापडलेला नाही.