बसवून चहा दिला

बुधवार, रात्री साडेअकरा

आईशी भांडण झालं. म्हणजे मी बोलले आणि ती गप्प बसली. वारसनोंदीसाठी कचेरीतल्या माणसाला दोन हजार दिले, हे तिने भेंडीचा भाव सांगावा तसं सांगितलं. झालं, माझा पट्टा सुरू. इथे आम्सटरडॅममध्ये पंधरा मिनिटांत काम होतं, कुणी एक सेंट मागत नाही, तुम्हीच या लोकांना शेफारून ठेवलंय वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "पैसे घेतले गं. पण बसवून चहा दिला. तुझ्या बाबांना ओळखत होता."

बाबांबद्दल आज लिहायचं नाही.

फोन ठेवल्यावर स्वतःचीच कीव आली. इतक्या लांब येऊन राहायचं, सणवार कामाच्या दिवशी घालवायचे, आणि ज्या एका गोष्टीचा तोरा मिरवायचा, तिचंही घरच्यांना काही नसावं! पाय मोकळे करायला निघाले ती वेस्परस्ट्राटपर्यंत गेले. तिथल्या त्या विटांच्या भिंती, दुसऱ्या महायुद्धात नाझींनी मारलेल्या इथल्या लोकांचं, बहुतेक ज्यूंचं, स्मारक, मी एरवी सायकलवरूनच बघते. आज उतरले. एका विटेवर एक नाव, जन्मतारीख, वय. अशा १ लाख २ हजारांहून जास्त विटा. युद्धाआधी या देशात ज्यू होते साधारण १ लाख ४० हजार.

हे आकडे मला आधीही माहीत होते. आज मात्र आईचा चहा मध्ये आला.

कारण इतकी माणसं सापडली कशी, तर वह्या चोख होत्या म्हणून. लोकसंख्या नोंदणीचा प्रमुख याकोब लेंट्स. त्याने युद्धाच्या आधीच एक ओळखपत्र तयार केलं होतं, फोटो, बोटाचा ठसा, नक्कल करायला महाकठीण. डच सरकारने ते नाकारलं, प्रामाणिक नागरिकाकडे गुन्हेगारासारखं बघायचं नाही म्हणून. काही महिन्यांत जर्मन आले आणि त्यांनी ते उचललं. पुढे ज्यूंच्या कार्डावर 'जे' अक्षर उमटलं. लेंट्सने लाच खाल्ल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. त्याला फक्त काम नीट व्हायला हवं होतं. १९४१ साली याच शहराच्या सांख्यिकी कार्यालयाने नकाशा काढून दिला, दहा ज्यूंमागे एक ठिपका. ट्रॅम कंपनीने रात्री माणसं छावण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी स्टेशनांवर पोचवली आणि त्याची बिलं लावली. जे जगून परत आले त्यांच्या हातात पालिकेने जमिनीच्या थकीत भाड्याच्या नोटिसा ठेवल्या, उशिराच्या दंडासकट. छावणीत होतात? बरं, पण हप्ता चुकला ना. हे पैसे शहराने परत द्यायचे ठरवले ते २०१६ साली, ज्यू समाजासाठी १ कोटी युरो.

यातल्या कुठल्याच टेबलाखालून काही सरकवावं लागलं नव्हतं.

मग तिथेच उभ्या उभ्या डोक्यात आलं, की चार लाचखाऊ कारकून असते तर बरं झालं असतं का? दोन हजार घेऊन एक कार्ड गहाळ करणारे? विचार आला आणि लगेच लाजही वाटली, कारण खाणारेही होतेच. हद्दपारीतून सूट देणारा शिक्का हिरे आणि हजारो गिल्डर मोजून विकत मिळायचा. 'पुढील सूचनेपर्यंत' असं त्यावर लिहिलेलं असायचं, आणि ती पुढची सूचना यायचीच. १९४३ मध्ये तर लपलेला ज्यू पकडून दिला की डोक्यामागे साडेसात गिल्डर मिळत होते. म्हणजे पैसे खाल्ले म्हणून कुणी माणूस होत नाही. आईला हे ऐकवायला हवं होतं. पण तिने तसं म्हटलंच कुठे होतं?

आणि तो काल्मायर. जर्मनीतल्या ओस्नाब्रुकचा वकील, हेगमध्ये जर्मनांच्याच कचेरीत बसायचा, कुणाला ज्यू धरायचं हे ठरवायला. त्याच्याकडे अर्ज यायचे, आमची आजी खरं तर ख्रिश्चन होती, आमचा बाप खरं तर दुसराच कुणी होता. आईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून लेकरं जीव वाचवत होती. कागद खोटे आहेत हे कळत असून त्याने हजारोंचे अर्ज मान्य केले. काहींचे नाकारले, ती माणसं गाडीत बसली. मान्य आणि नाकारलेलं यांच्यामध्ये त्या दिवशी त्याच्या टेबलावर काय होतं, कुणास ठाऊक. चहा?

घरी आले. सोमवारी ऑफिसात मी दहा हजार लोकांच्या यादीतली दुबार नावं काढून दिली होती. एकही चूक नाही, म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. यादी कशासाठी हवी होती हे मी विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंही नाही. जाऊ दे. हॉटेलांच्या जाहिरातीसाठीच असेल.

आत्ता आईचा मेसेज आला. फेरफाराचा फोटो. दादाचं नाव बरोबर आहे, आईचंही. माझं 'सुनीता'चं 'सुनिता' झालंय आणि आडनाव अजून माहेरचंच. दोन हजारांत एवढंच बसलं असेल. इथल्या नोंदीत माझ्या नावात कानामात्रेचीही चूक नाही, चार वर्षांपूर्वी मजला बदलला तोसुद्धा आहे. मला आज पहिल्यांदाच ते आठवून बरं वाटलं नाही.

खाली आईने विचारलंय, "दुरुस्तीला परत पैसे मागेल का गं?"

मी लिहिलं, मागेल. चहा घेतल्याशिवाय उठू नकोस.